सत्तावीस की वीस सात? मराठी अंकनावांचा इतिहास आणि वर्गातली अडचण

१. जून २०१९. बालभारतीचे दुसरीचे गणिताचे नवे पुस्तक शाळांत आले आणि महाराष्ट्रात अनपेक्षित वाद पेटला. 'सत्तावीस' ही संख्या 'वीस सात' अशीही वाचता येईल, अशी मांडणी त्यात होती. चर्चा वृत्तपत्रांतून विधानसभेपर्यंत गेली. विनोदही पुष्कळ झाले. मूळ प्रश्न मात्र मागे पडला : मराठी मुलाला संख्या शिकताना नेमके काय अडते आणि का? त्याचे उत्तर इतिहासात आहे. धागा थोडा दीर्घ आहे.

२. प्रथम अडचण समजून घेऊ. २७ लिहिताना आपण आधी २ लिहितो, मग ७. उच्चारताना मात्र आधी सात येतात, मग वीस. मूल कानांनी ऐकते त्या क्रमाने लिहिते आणि पाटीवर ७२ उमटतात. कन्नड किंवा तेलुगू मुलापुढे हा पेच नसतो. त्यांच्या भाषांत आधी वीस, मग सात. गणित समितीच्या अध्यक्षा, गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी याच भाषांकडे लक्ष वेधले होते. जोडाक्षरांमुळे मुलांना होणारा त्रासही त्यांनी मांडला होता.

३. हा क्रम आपल्याला संस्कृतातून मिळाला. सप्तविंशति म्हणजे सात आणि वीस. प्राकृतातून झिजत त्याचे सत्तावीस झाले. द्वाविंशतिचे बावीस झाले. या झिजेत 'द्वि'चा 'बा' झाला, म्हणून बारा, बावीस, बावन्न, बासष्ट. शब्द सुटसुटीत झाले, पण त्यांतले सांधे दिसेनासे झाले. 'दोन' म्हणायला शिकलेल्या मुलाला 'बावीस'मध्ये दोन ऐकू येत नाहीत.

४. दशकांचेही तेच. पन्नास म्हणतो, पण पुढे एकावन्न. साठ म्हणतो, पण एकसष्ट. सत्तर म्हणतो, पण एकाहत्तर. नव्वद म्हणतो, पण एक्क्याण्णव. म्हणजे शंभरापर्यंतची बहुतेक नावे एकेक करून पाठच करावी लागतात. इंग्रजीत वीसच्या पुढे एक नियम कळला की नव्व्याण्णवपर्यंत निभावते.

५. आणि एकोणतीस? 'एकोण' म्हणजे एक ऊन, एकाने उणे. तिसाला एक कमी. कल्पना सुंदर आहे, पण ती कोणी सांगितली तर! न सांगता पाठ करणारे मूल 'तीस' ऐकते आणि ३९ लिहिते. एकोणवीसपासून एकोणनव्वदपर्यंत हाच नियम चालतो. शेवटी मात्र 'एकोणशंभर' न येता नव्व्याण्णव येते.

६. असा पेच केवळ आपला नाही. जर्मन भाषेत आजही २७ म्हणजे 'सात आणि वीस'. नॉर्वेतही तसेच होते. दूरध्वनीचे आकडे सांगताना गोंधळ होतो, म्हणून १९५१ साली तेथील संसदेने क्रम बदलून 'वीस सात' अधिकृत केले. शाळांनी ते स्वीकारले. तरी जुना क्रम बोलण्यातून आजही गेलेला नाही. कायदा भाषेला वळण लावू शकतो, पण तिची स्मृती पुसू शकत नाही.

७. आता नाण्याची दुसरी बाजू. हीच भाषा अपूर्णांकांत विलक्षण समृद्ध आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. 'अडीच'चे मूळ 'अर्धतृतीय' : दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. 'औट'चे मूळ 'अर्धचतुर्थ' : तीन पूर्ण आणि चौथा अर्धा, म्हणजे साडेतीन. 'औट घटकेचे राज्य' म्हणताना आपण नकळत एक अपूर्णांकच उच्चारतो.

८. पंतोजींच्या शाळेत मुले धुळपाटीवर अक्षरे गिरवीत आणि पाढे तालासुरात म्हणत. ते पाढे पूर्णांकांवर थांबत नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे स्वतंत्र पाढे होते. सवायकी म्हणजे सव्वाचा पाढा, औटकी म्हणजे साडेतीनचा.

९. हे पाठांतर कशासाठी? बाजारासाठी. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, पैशाच्या ३ पै. मणाचे ४० शेर. १६ आणि ६४ या संख्या अर्ध्या करता येतात, पुन्हा अर्ध्या करता येतात. म्हणून पाव आणि पाऊण हेच व्यवहाराचे चलन. सव्वा रुपया शेराने १७ शेर माल घेतला तर? सवायकी पाठ असलेला मुलगा क्षणात सांगे : सव्वाएकवीस रुपये. पाढा आणि पेठ यांत अंतरच नव्हते.

१०. इंग्रजी अमलात शाळा बदलू लागली. १८२२ साली मुंबईत शालेय पुस्तकांसाठी संस्था निघाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी पंडितांच्या साहाय्याने मराठीत गणिताची पुस्तके तयार केली. छापील पुस्तक आले, तरी पावकी-निमकी टिकली; कारण बाजार तोच होता.

११. बाजार बदलला तो १ एप्रिल १९५७ रोजी. रुपयाचे १०० नवे पैसे झाले. पुढच्याच वर्षापासून मण-शेर जाऊन किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने येऊ लागला. व्यवहार दशमान झाला आणि औटकीच्या पायाखालची जमीन सरकली. पाढे मुलांच्या आळसामुळे मेले नाहीत. ज्या जगासाठी ते घडले होते, तेच जग उठून गेले.

१२. शब्द मात्र राहिले. आजही घड्याळात सव्वादोन वाजतात, वाण्याकडून दीड किलो साखर येते. दुसरीतले मूल हे व्यवहार सहज बोलते. तेच मूल पुढे पाचवीत ३/२ किंवा १.५ पाहून बिचकते. आपण वर्षानुवर्षे 'दीड' म्हणत आलो, ते हेच, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

१३. म्हणून २०१९च्या वादात 'संस्कृती विरुद्ध सोय' अशी जी वाटणी झाली, ती मला फसवी वाटते. 'वीस सात' ही सत्तावीसकडे जाणारी पायरी आहे. ती चढल्याने सत्तावीस नाहीसे होत नाही. जुनी नावे टाकलेली नाहीत, हे नारळीकरांनीही स्पष्ट केले होते. उलट, मुलाची अडचण नाकारून जपलेला वारसा मुलाला ओझेच वाटतो.

१४. वारसा वर्गात आणायचा, तर पाठांतरासोबत कारणही आणावे लागेल. औटकी पुन्हा घोकायला लावण्याची गरज नाही. 'एकोण' म्हणजे एक उणे, 'अडीच' म्हणजे तिसरा अर्धा, एवढे सांगायला पाच मिनिटे पुरतात. ७२ लिहिणारे मूल मठ्ठ नसते. त्याने आपली भाषा जशी ऐकली, तशी प्रामाणिकपणे उतरवलेली असते.

१५. घरात आजी-आजोबा असतील, तर आज त्यांना दिडकी म्हणायला सांगा. आणि शेजारी एखादे लहान मूल असेल, तर त्यालाही ऐकायला बसवा. धागा समाप्त.