सर्व्हरचा बॅकअप : जोडणी कशी असावी?

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील दोन तालुके. शहापूरला मुंबई-नाशिक महामार्ग व आसनगाव रेल्वे स्थानक जवळ आहे. मुरबाडची भिस्त मात्र कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पतसंस्थांची खाती, रुग्णालयांच्या नोंदी आणि औद्योगिक वसाहतीतील हिशेब आज संगणकावर असतात. हा सर्व्हर निकामी झाल्यास ठेवीदाराची पुंजी आणि रुग्णाचा इतिहास यांचा पुरावाच नाहीसा होतो. म्हणून बॅकअपइतकाच, तो ने-आण करणाऱ्या जोडणीचाही विचार आवश्यक ठरतो.

कार्यालयातील जोडणी

सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे असावीत. एकावर दैनंदिन कामकाज, तर दुसऱ्यावर केवळ बॅकअप चालावा. दोन्हींसाठी आयपी पत्त्यांची मालिका वेगळी ठेवावी आणि गेटवे एकाच कार्डावर नोंदवावा, अन्यथा माहितीची वाट चुकते. बॅकअप यंत्राचा पत्ता कायमस्वरूपी असावा. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर असते. दोन इमारतींमध्ये ऑप्टिकल फायबर टाकावी. तिच्या काचेतून वीज वाहत नसल्याने पावसाळ्यातील विजांपासून यंत्रे अधिक सुरक्षित राहतात.

वेगाचे गणित

१०० गिगाबाइट माहिती सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या जोडणीतून पाठविण्यास सुमारे २२ तास लागतात. गिगाबिट जाळ्यात हेच काम, निदान कागदावर, पाऊण तासाच्याही आत, सुमारे १३ मिनिटांत होते. म्हणून संपूर्ण प्रत कार्यालयातच घ्यावी आणि बाहेर रोज फक्त बदललेला भाग, तोही रात्री, व्हीपीएनमधून पाठवावा.

बाहेरची प्रत कोठे?

२६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबईसह कल्याण, बदलापूरचा परिसर एकाच वेळी जलमय झाला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा पारेषण मार्गांतील बिघाडाने मुंबई व ठाणे परिसराची वीज एकदमच गेली. तेव्हा मुरबाडची दुसरी प्रत कल्याणला ठेवणे पुरेसे नाही. ती घाटापलीकडे, पुणे वा नाशिकला असावी. इंटरनेटच्या दोन जोडण्या घेताना कंपन्या वेगळ्या असल्या तरी केबल एकाच चरातून गेलेल्या नाहीत ना, हे पाहावे. रस्त्याच्या खोदकामात दोन्ही एकदम तुटतात. दुसरी जोडणी बिनतारी असलेली बरी.

एक प्रत जाळ्याबाहेर

जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या विषाणूने मर्स्क कंपनीचे जगभरातील जाळे ठप्प केले. न्हावाशेवा बंदरातील तिच्या टर्मिनललाही फटका बसला. कंपनीच्या संगणक जाळ्याचा मूळ तपशील सांभाळणाऱ्या सर्व्हरपैकी घाना येथील एकच वाचला, कारण त्या वेळी तेथील वीज गेली होती. तेथील इंटरनेट इतके मंद होते, की प्रत अखेर माणसाकरवी विमानाने न्यावी लागली. यातून बोध दोन : एक प्रत जाळ्यापासून तोडलेली असावी, आणि जोडणी मंद असेल तर डिस्क हातोहात नेण्याची व्यवस्था आधीच ठरलेली असावी. तसेच मुख्य सर्व्हरला बॅकअप यंत्रात लिहिण्याची मुभा देऊ नये. बॅकअप यंत्रानेच माहिती ओढून घ्यावी.

पुनर्स्थापना

नव्या, कोऱ्या यंत्राला जाळ्यावरूनही सुरू करता येते. डीएचसीपी सेवा त्याला पत्ता देते, टीएफटीपी सेवा आरंभीची फाइल पुरवते आणि मग प्रत उतरते. मात्र त्या यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आरंभ-फाइलमध्ये नसेल, तर उत्तम बॅकअपही समोर असून हाती लागत नाही. सर्व आयपी पत्ते, संकेतशब्द व जोडणीचा आराखडा कागदावर छापून कुलपात ठेवावा. दर तीन महिन्यांनी एखाद्या जादा यंत्रावर प्रत उतरवून पाहावी. एकदाही उतरवून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हे, केवळ आशा होय.