पालघर तालुक्यातील जमिनीचे दस्त : नामांतरे व हक्कपरंपरा

स्थावर मिळकत विकू इच्छिणाऱ्याने आपले कागदपत्र व्यवस्थित ठेवावेत, हा व्यवहारातील जुना उपदेश होय. त्याचा अर्थ बहुधा कागद गहाळ होऊ न देणे एवढाच घेतला जातो. पालघर व बोईसर-तारापूर या भागाचा इतिहास पाहता हा अर्थ अपुरा ठरतो. येथे कागद टिकून राहिले तरी त्यांतील नावे बदलत गेली. निरनिराळ्या काळांतील कागदांतील जमीन तीच, धारक तेच किंवा त्यांचे वारस, आणि हक्कही तोच, असे दाखविता येणे म्हणजे दप्तर व्यवस्थित असणे होय.

प्रथम स्थलनामांचा विचार करू. ब्रिटिश अमदानीत आजचा पालघर तालुका माहीम तालुका म्हणून ओळखला जाई. हे माहीम केळव्याजवळचे. मुंबई बेटावरील नव्हे. पुढे तालुक्याला पालघरचे नाव मिळाले आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यामुळे बोईसरच्या एकाच शेताचा उल्लेख आजोबांच्या खतात माहीम तालुक्यात, वडिलांच्या खतात ठाणे जिल्ह्याच्या पालघर तालुक्यात, तर नातवाच्या खतात पालघर जिल्ह्यात आढळू शकतो. जुना कागद मोडीत, नवा बाळबोधीत. जुने क्षेत्र एकर-गुंठ्यांत, नवे हेक्टर-आरमध्ये. जमीन मात्र जागची हललेली नसते. तिची ओळख सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर आणि चतुःसीमा यांच्या मेळातूनच पटविता येते.

धारकाची ओळख त्याहून बिकट. एकोणिसाव्या शतकातील मोजणी व आकारणी यांचा मुख्य प्रश्न सारा कोणी भरावा हा होता; जमिनीत कोणाकोणाचे हितसंबंध आहेत याची पद्धतशीर नोंद मुंबई इलाख्यात १९०३ च्या हक्कनोंदणी कायद्याने सुरू झाली. आज ‘सातबारा’ हा शब्द जणू मालकीचा पर्याय झाला आहे. वस्तुतः तो दोन गावनमुन्यांच्या क्रमांकांचा सामासिक शब्द आहे : सातव्यात अधिकार, बाराव्यात पिके. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५७ नुसार या नोंदी विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खऱ्या मानल्या जातात. पण त्या स्वतः मालकी निर्माण करीत नाहीत. विक्रीने मालकी देते ते नोंदलेले खरेदीखत. साठेखत हा केवळ पुढे विक्री करण्याचा करार. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे त्याने मिळकतीत हक्क उत्पन्न होत नाही. खरेदीखत आणि सातबारा यांना जोडणारा दुवा म्हणजे सहाव्या नमुन्यातील फेरफार. मूळ धारक वारला, वारसनोंद झाली नाही आणि एकाच मुलाने जमीन विकली, तर साखळी तेथेच तुटते. बहिणींचा हिस्सा अशाच तुटीत बुडतो. तीस वर्षांच्या दस्तांचा शोध घेण्याचा वकिलांचा प्रघात या तुटी हुडकण्यासाठीच आहे.

तथापि सर्वांत महत्त्वाचा मजकूर पुष्कळदा सातव्या नमुन्यातील ‘इतर हक्क’ या सदरात असतो. १९४८ च्या कुळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि पात्र कुळे कसत असलेल्या जमिनीची खरेदीदार मानली गेली. किंमत ठरून ती फेडल्यावर कलम ३२-म चे प्रमाणपत्र मिळे. अशा जमिनीच्या हस्तांतरावर कलम ४३ ने निर्बंध घातला. आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींकडे जाण्यावर १९७४ साली संहितेत कलम ३६-अ घालून बंधन अधिक कडक करण्यात आले. त्याच वर्षीच्या जमीन प्रत्यार्पण कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरे तपासून जमीन परत देण्याची तरतूद केली. वारली व इतर आदिवासींच्या या मुलखात म्हणूनच जुन्या खताची तारीख हा निव्वळ तपशील नव्हे. त्या तारखेवर एखाद्या कुटुंबाचे शेत अवलंबून असू शकते.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत परिभाषाच पालटते. १९६१ च्या कायद्यान्वये स्थापन झालेले औद्योगिक विकास महामंडळ भूखंड सामान्यतः दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देते. तेथे बोलण्यात ‘विक्री’ असली तरी हस्तांतरित होतो तो पट्ट्याचा उर्वरित हक्क, आणि त्याला महामंडळाची संमती लागते. मालकाचा शब्द आणि पट्टेदाराचा हक्क यांतील हे अंतर ध्यानी न घेतल्यास व्यवहार फसतो.

या साऱ्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘माझे कागद’ असे विकणारा म्हणतो, पण त्या कागदांत कूळ, बहीण, सहहिस्सेदार व पूर्वीचा आदिवासी धारक यांचेही हक्क नोंदलेले, किंवा नोंद न होता दडपलेले असतात. दप्तर नीट लावणे म्हणजे केवळ विक्रीचा मार्ग मोकळा करणे नव्हे. ते नीट लावले म्हणजे ही विक्री कोणाच्या संमतीवाचून होऊच नये, हेही त्यातून कळते.