विंचू उतरला, तो महाडला!

आमचं सुकापूर आता इमारतींचं झालं. माझ्या लहानपणी, १९७०च्या दशकात, माथेरानच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी भातशेती होती. एका सांजेला पेंढा उचलताना शेजारच्या पोराला लाल विंचू चावला. पोर घामानं निथळलं, हातपाय गार पडले. मंत्र झाले, पाला झाला. पहाटे तोंडाला फेस आला आणि सारं संपलं. दादी एवढंच म्हणाली, ‘‘विंचू उतरला नाही रे.’’

उतरायला हवा होता तो रक्ताचा दाब, हे पुष्कळ वर्षांनी कळलं.

कोसळलेला रक्तदाब वर चढवणारी औषधं जुनी आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञानं ॲड्रेनलिन शुद्ध रूपात मिळवलं. १९४६ साली स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी मज्जातंतूंतलं नॉरॲड्रेनलिन ओळखलं. ते रक्तवाहिन्या आवळतं, दाब वाढतो. आजही अतिदक्षता विभागात अत्यवस्थ रुग्णाला ते सलाइनवाटे देतात.

गंमत अशी, की विंचवाचं विष हीच द्रव्यं आपल्याच शरीरातून पुरासारखी सोडतं. आधी दाब भडकतो, मग हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं आणि शेवटी दाब कोसळतो. औषध तेच, पण प्रमाण सुटलं की जहर!

आपल्याच जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात, १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून त्यांनी नाडी, दाब, घाम यांच्या नोंदी ठेवल्या. पुढे त्यांनी प्राझोसिन वापरलं. हे औषध दाब चढवणारं नव्हे, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं. साधी, स्वस्त गोळी. १९८६ साली ‘लॅन्सेट’नं हे काम छापलं. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे तीस टक्के दगावत. वेळेवर गोळी मिळू लागली तसं हे प्रमाण दोन-तीन टक्क्यांच्या आत आलं. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री मिळाली.

गार पडलेल्या देहाला ऊब द्यावी, उतार असेल तिथं चढ द्यावा, असंच आपल्याला वाटतं. बिरवाडीच्या डॉक्टरांनी आधी पाहिलं, मग ठरवलं. त्या पोराच्या उशाशी आम्हीही रात्रभर बसलो होतो. पण आमच्या हाती ना वही होती, ना गोळी.