भूचुंबकीय वादळे आणि विषुववृत्तीय आयनांबर

सूर्यावरील उद्रेकातून फेकला गेलेला विद्युतभारित कणांचा ढग पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला की भूचुंबकीय वादळ निर्माण होते. ध्रुवीय प्रकाश हे त्याचे सर्वपरिचित रूप. त्यामुळे हा विषय ध्रुवप्रदेशापुरताच असल्याचा समज रूढ आहे. भारतासाठी तो दिशाभूल करणारा आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. याच कारणास्तव थुंबा येथे प्रक्षेपण केंद्र उभारण्यात आले आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिले अग्निबाण उड्डाण झाले.

या पट्ट्यात चुंबकीय बलरेषा जमिनीला समांतर असतात. दिवसा येथील विद्युत क्षेत्र पूर्वाभिमुख असते. त्यामुळे आयनांबरातील इलेक्ट्रॉन व आयन वर उचलले जातात आणि बलरेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना सुमारे १५ अंशांपर्यंत उतरतात. शास्त्रज्ञ याला कारंजे म्हणतात. परिणामी दुपारी तिरुवनंतपुरमपेक्षा अहमदाबाद-भोपाळच्या आकाशात इलेक्ट्रॉनांची दाटी अधिक आढळते.

वादळ सुरू होताच ध्रुवप्रदेशातील विद्युत क्षेत्र काही मिनिटांतच विषुववृत्तापर्यंत शिरते. त्या वेळी दिवस असल्यास कारंजे उसळते आणि दाटीचा पट्टा आणखी उत्तरेकडे सरकतो. काही तासांनंतर चित्र पालटते. ध्रुवाजवळ तापलेल्या हवेचे वारे विषुववृत्ताकडे येतात, विरुद्ध दिशेचे विद्युत क्षेत्र निर्माण करतात आणि तेच कारंजे दबते. वादळ एकच, परिणाम मात्र परस्परविरोधी. पूर्वानुमान कठीण होते ते यामुळेच.

इलेक्ट्रॉनांच्या दाटीमुळे उपग्रह-संदेशांना विलंब होतो व स्थाननिश्चिती चुकते. विमानांसाठी ही चूक दुरुस्त करण्याचे काम भारतीय अंतराळ संशोधन संस्था व विमानपत्तन प्राधिकरण यांची ‘गगन’ प्रणाली करते. दाटी झपाट्याने बदलू लागली की दुरुस्तीची खात्री कमी होते. अशा वेळी उंचीविषयीचे मार्गदर्शन थांबवणे हेच सुरक्षित ठरते. सूर्यास्तानंतर आयनांबरात विरळ बुडबुडे उठतात व संदेश तुटतात. वादळाच्या वेळेनुसार ते बळावतात किंवा दडपले जातात.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने २ सप्टेंबर १८५९ रोजी चुंबकीय क्षेत्रात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट नोंदवली होती. मे २०२४ च्या तीव्र वादळात जागतिक निर्देशांकातील घट सुमारे ४०० नॅनोटेस्ला होती. कुलाब्यातील नोंदींची परंपरा १९०४ पासून अलिबाग वेधशाळेने पुढे चालवली आहे.