तंबू चेट्टी रस्त्यावरची एक रात्र

तुम्ही मद्रासच्या तंबू चेट्टी रस्त्यावर उभे आहात. २२ सप्टेंबर १९१४, रात्रीचे नऊ वाजून गेलेत. समोर कालिकांबाळचं देऊळ. १६७७ साली शिवाजी महाराज इथे दर्शनाला आले होते, असं इथली माणसं सांगतात. मराठी पाय तिथे रेंगाळणारच. पण पुढे चला, ‘आंध्र पत्रिका’ या तेलुगू दैनिकाच्या कचेरीत अजून दिवा आहे.

आत शिशाचा आणि शाईचा वास. जुळारी खिळ्यांच्या घरांपुढे उभा आहे. तेलुगू जोडाक्षरात एका अक्षराच्या पोटाखाली दुसरं लटकतं. इतके खिळे हा लक्षात तरी कसे ठेवतो? आणि हा तिसरा वास, कापराचा, तुमच्या आजीच्या उशाशी असायचा तोच. त्याने कपाळाला अमृतांजन चोळलंय.

मलम आणि पत्र, दोन्ही एकाच माणसाची. काशीनाधुनि नागेश्वरराव, कृष्णाकाठच्या मुलखातले, वय ४७. मलम त्यांनी मुंबईत काढलं, १८९३ मध्ये. १९०७ च्या सुरत काँग्रेसला, जोडा उडाला त्याच, ते गेले आणि तेलुगूत पत्र हवं हा ध्यास घेऊन परतले. पुढच्या जुलैत टिळकांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली, निषेधात मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. सप्टेंबरात त्याच मुंबईतून नागेश्वररावांचं साप्ताहिक निघालं. यंदा १ एप्रिलला ते इथे येऊन दैनिक झालं. देशभक्तीवर कागदवाल्याची बिलं भागत नाहीत, हे आपल्याकडच्या कितीतरी संपादकांना कर्ज झाल्यावर कळलं. यांच्या पत्रामागे डोकेदुखी उभी आहे, आणि ती कधी मंदावत नाही.

धडाम!

खिडक्या थरथरतात. पुन्हा. पुन्हा. बंदराकडचं आभाळ नारिंगी होतं: बर्मा ऑइलच्या टाक्या पेटल्यात. ‘एमडेन’ ही जर्मन युद्धनौका अंधारातून तोफा डागते आहे. सव्वाशेच्या आसपास गोळे टाकून ती निघून जाईल. पुढे तमिळमध्ये बेरकी, खमक्या माणसाला ‘एमडन’ म्हणू लागतील.

रस्त्यावर आरडाओरडा, कडेवर पोरं, डोक्यावर गाठोडी. जुळारी दारापर्यंत जाऊन येतो, हात धोतराला पुसतो, दिव्याची वात वर करतो. मघाशी जुळवलेला मजकूर बाजूला सरकवून तो पुन्हा खिळे चाचपू लागतो.