चौकीची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हणीत पोलीस चौकीचे नाव नाही, पण ते सगळ्यांनी मनातल्या मनात जोडून घेतलेले आहे. सायकल चोरीला गेली तरी माणूस पहिल्यांदा काय विचारतो? "चौकीत कुणी ओळखीचे आहे का?" ओळख निघाली तर जायचे, नाहीतर सायकलीवर पाणी सोडायचे. कायदा सर्वांसाठी सारखा असे आपण नागरिकशास्त्रात शिकतो आणि व्यवहारात मात्र ओळख शोधतो.

या ओळखीचाच विचार करताना मला नेहमी भिवंडी आठवते. भिवंडीचे नाव काढले की आपल्याला दोनच गोष्टी सुचतात, यंत्रमाग आणि दंगल. पण पोलीस आणि लोक यांच्यातील विश्वासाचा आपल्या राज्यातला एक मोठा प्रयोगही याच गावात झाला. तो आपल्या मुलांना कुणी शिकवत नाही, म्हणून आज त्याविषयी.

आधी थोडे मागे जाऊ. पेशवाईच्या अखेरीस गावाची राखण गावच करत असे. पाटील मुख्य आणि त्याच्या हाताखाली जागल्या किंवा रामोशी. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या राखणदाराचे वर्णन आहे. गावात चोरी झाली तर त्याने चोर शोधायचा, ते जमले नाही तर निदान चोराचा माग काढत शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचायचे. माग शिवेपलीकडे गेला की जबाबदारी त्या गावावर. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यात जातीची उतरंड होती, जुलूमही होता. पण राखणदार गावाला ओळखत होता आणि गाव राखणदाराला ओळखत होते, एवढे मात्र खरे.

इंग्रजांनी आणलेला पोलीस निराळा होता. त्यांनी आपल्या घरी, म्हणजे लंडनमध्ये, १८२९ साली रॉबर्ट पील यांच्या पुढाकाराने पोलीस दल उभारले, तेव्हा ते लष्करासारखे दिसू नये याची काळजी घेतली. सैन्याचा लाल अंगरखा टाळून निळा गणवेश दिला. हिंदुस्थानात १८६१ चा पोलीस कायदा केला तेव्हा मात्र डोळ्यांसमोर नमुना ठेवला तो आयर्लंडच्या सशस्त्र पोलिसांचा. घरच्यांसाठी एक पोलीस आणि रयतेसाठी दुसरा! मुंबई इलाख्याचे पोलीस कायदे वेगळे होते, पण घाट तोच. शिपाई गावातून उचलायचा आणि पोलीस लाइनीत ठेवायचा. ही ‘लाइन’ आजही आहे. पोलिसांची वस्ती वेगळी, मुलांची खेळायची जागा वेगळी. १९०२-०३ साली सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने खुद्द इंग्रजी अमदानीतच लिहून ठेवले की पोलीस भ्रष्ट आणि जुलमी समजले जातात, लोकांचा त्यांच्यावर विश्वास नाही. स्वातंत्र्य आले, टोपी बदलली, अर्धी चड्डी जाऊन फुलपँट आली. ओळख मात्र झाली नाही.

आता भिवंडीकडे येऊ. ठाणे जिल्ह्यातले हे यंत्रमागाचे गाव. इथे जुने कोकणी मुसलमान, उत्तर प्रदेशातून आलेले मोमीन विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, आजूबाजूच्या गावांतले आगरी, शिवाय गुजराती आणि मारवाडी व्यापारी. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, मागावर राबणारे हात तिसऱ्याचे आणि कापड विकणारा चौथा. एकमेकांवाचून एक दिवस भागायचे नाही. पोट एकत्र बांधलेले असले की माणसे भांडत नाहीत, असे आपण म्हणतो. भिवंडीने ते खोटे ठरवले. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली आणि तिचे लोण जळगाव व महाडपर्यंत गेले. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या चौकशी आयोगाने या तिन्ही ठिकाणांचा बारकाईने तपास केला. दंगलीत दोन्हीकडच्या जातीय संघटनांचा हात किती, हे तर त्यांनी लिहिलेच. पण दंगलीनंतर तपासासाठी नेमलेल्या पोलिसांच्या खास पथकावर पक्षपाताचा कडक ठपकाही ठेवला. म्हणजे ज्याच्याकडे न्याय मागायचा, त्याचाच काटा एका बाजूला झुकलेला! त्या मोहल्ल्यांतल्या माणसाच्या मनातून पोलीस उतरले ते तेव्हाच.

पुढे मे १९८४ मध्ये पुन्हा तेच. या वेळी आग भिवंडीतून ठाणे आणि मुंबईपर्यंत पोचली आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर भिवंडी हे पोलिसांच्या भाषेत ‘अतिसंवेदनशील’ झाले. सण आला की राखीव पोलिसांच्या गाड्या यायच्या, संचलन व्हायचे, नाक्यानाक्यावर बंदोबस्त लागायचा. सण संपला की गाड्या परत.

या गावात १९८८ साली सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले. दंगल झाल्यावर ती कशी मोडायची हे पोलिसांना शिकवलेले असते. खोपडे यांनी आधीचा प्रश्न विचारला, दंगल होतेच का? शांतता कमिट्या तर तेव्हाही होत्या. सणाच्या आधी आमदार, नगरसेवक, दोन मौलवी, दोन महाराज आणि चार शेठ यांना ठाण्यात बोलवायचे, चहा-बिस्किटे द्यायची, ‘आमच्याकडून पूर्ण सहकार्य’ असे प्रत्येकाने म्हणायचे आणि उठायचे. ज्यांच्या हातात दगड येतो ती मुले या बैठकीत नसत, ज्यांची घरे जळतात ती माणसेही नसत. आणि ज्याला पहिला दगड लागतो तो शिपाई तर दाराबाहेर उभा!

खोपडे यांनी ही रचना उलटी केली. मोहल्ल्यामोहल्ल्यात कमिट्या केल्या. अशा सुमारे ७० कमिट्या झाल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान दोन्ही. पुढाऱ्यांऐवजी साधी माणसे घेतली, मागवाला, दुकानदार, शिक्षक, रिक्षावाला. गुन्हेगारीत नाव असलेल्याला मज्जाव. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही कमिटी उपायुक्तांची नव्हती, त्या भागाच्या शिपायाची आणि फौजदाराची होती. बैठक ठरलेल्या वेळी घ्यायची, काही घडो वा न घडो.

मला यातले हे ‘काही घडो वा न घडो’ फार मोलाचे वाटते. नेहमी काहीतरी घडल्यावरच पोलीस दारात येतो. तो दारात दिसला की शेजारी खिडकीतून डोकावतात, ‘काय केले यांनी?’ तोच शिपाई दर काही दिवसांनी येऊन बसू लागला, तर? पहिल्या बैठकीत कुणी बोलले नसेल. दुसरीत नळाच्या पाण्याचे भांडण निघाले असेल, तिसरीत कुणा सासू-सुनेचे. अशीच भांडणे या कमिट्यांपुढे येत. कायद्याच्या भाषेत ती अदखलपात्र, पण गल्लीतली दंगल बहुतेक वेळा अशाच भांडणाच्या ठिणगीवर पेटते. नळावरचे भांडण नळावरच मिटले तर ते हिंदू-मुसलमानांचे होत नाही. शिपायालाही मोहल्ल्यातल्या चार माणसांची नावे कळतात. एरवी जमाव म्हणजे त्याला नुसती डोकी दिसतात. नाव माहीत असलेल्या माणसावर लाठी उगारताना हात क्षणभर थांबतो. आणि नाव माहीत असलेल्या शिपायावर दगड मारताना पोराचाही.

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. मुंबई डिसेंबरात पेटली, जानेवारीत पुन्हा पेटली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे त्या दोन टप्प्यांत ९०० माणसे मेली. भिवंडी मुंबईला खेटून आहे, सगळा इतिहास पेटण्याच्या बाजूचा होता. अफवा इथेही आल्या. तोवर खोपडे यांची बदली झाली होती, त्यांच्या जागी गुलाबराव पोळ होते आणि त्यांनी आधीच्या साहेबांचे काम बासनात न गुंडाळता पुढे चालवले. कमिट्यांची माणसे आणि पोलीस रस्त्यावर एकत्र उभे राहिले. भिवंडीत दंगल झाली नाही. खोपडे यांनी पुढे या अनुभवावर पुस्तक लिहिले, त्याचे नावच ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ असे आहे. आशुतोष वार्ष्णेय यांनीही हिंदू-मुसलमान दंगलींवरच्या २००२ सालच्या आपल्या अभ्यासग्रंथात या प्रयोगाची दखल घेतली. मुंबईतही दंगलीनंतर ज्युलिओ रिबेरो, पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्या झाल्या. पोलीस आणि वस्तीतली मुले यांचे क्रिकेटचे सामनेही त्यांनी भरवले.

गोष्ट इथे संपली असती तर फार बरे झाले असते. पण इतिहास सोयीच्या पानावर थांबत नाही.

५ जुलै २००६. भिवंडीत क्वार्टर गेटजवळ कब्रस्तानाला लागून असलेल्या जागेवर पोलीस ठाणे बांधायचे ठरले होते. जागा कब्रस्तानाची आहे, असे म्हणत लोकांनी विरोध केला. जमाव, दगड, लाठी आणि शेवटी गोळीबार. दोन तरुण ठार झाले. त्याच रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांना गाठून मारून टाकले. दोन घरे इकडची उजाड झाली, दोन तिकडची. वाद कशावरून, तर पोलीस ठाण्यावरून! ज्या गावाने पोलिसाला मोहल्ल्यात बसायला जागा दिली होती, त्याच गावाला त्याची इमारत नकोशी झाली.

कमिट्या गेल्या कुठे? त्या तोवर नावापुरत्या उरल्या होत्या, असे तेव्हा बरेच लिहिले-बोलले गेले. मधल्या वर्षांत किती साहेब आले आणि गेले! शिपाई बदलले. नव्या साहेबाला वाटते, ही आधीच्या साहेबाची हौस. बैठकीची वही कपाटात जाते. मग कमिटीत तेच लोक शिरतात ज्यांना साहेबाच्या खुर्चीशेजारी बसलेले दिसायचे असते. मोहल्ला त्यांना ‘पोलिसांचा माणूस’ म्हणू लागतो. शिवाय १९९२ साली वयाने दहा वर्षांचा असलेला मुलगा २००६ साली चोवीस वर्षांचा झाला होता. कमिटीवरचा विश्वास होता तो त्याच्या बापाचा. त्याच्याशी कोण येऊन बसले होते?

त्याच वर्षी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांचे आदेश दिले. ठाणे प्रमुखापासून जिल्ह्याच्या अधीक्षकापर्यंतच्या अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षे एका जागी ठेवा, हा त्यातला एक. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळे प्राधिकरण करा, हा दुसरा. वाचताना हे दोन आदेश कोरडे वाटतात. भिवंडीची गोष्ट माहीत असली की त्यांचा अर्थ उलगडतो. माणूस टिकला नाही तर ओळख होणार कशी? आणि तक्रारीला दाद मिळाली नाही तर ओळख होऊन उपयोग काय?

ही दुसरी बाजू चहा-बैठकांच्या उत्साहात विसरली जाते. १९९८ साली सादर झालेल्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ३१ पोलिसांवर नावानिशी ठपका होता. शिक्षा भोगावी लागलेले शोधावे लागतील. ज्याचे माणूस गेले त्याला ‘विश्वास ठेवा’ असे सांगणे सोपे नाही. तसेच ड्यूटीवरून परत न आलेल्या शिपायाच्या घरच्यांना ‘समजून घ्या’ असे सांगणेही सोपे नाही. शिपाई बारा-बारा तास उभा असतो, सणाला घरी नसतो, वरून साहेबाचे ऐकतो आणि समोरून लोकांचे. त्याला आदर हवा असेल तर तो आधी त्याच्या खात्याने द्यायला हवा. भिवंडीच्या कमिट्या चालल्या त्या मुख्यतः यामुळेच, असे मला वाटते. आयुष्यात पहिल्यांदा शिपायाला बैठकीत खुर्ची मिळाली होती. ज्याला मान मिळतो तोच दुसऱ्याला मान देऊ शकतो, हे वर्गात जितके खरे तितकेच चौकीत.

विश्वास म्हणजे बँकेतली ठेव आहे, एकदा ठेवली की व्याज येत राहील, असे आपण समजतो. तो विहिरीच्या पाण्यासारखा आहे. उपसा चालू असेल तोवर पाणी गोडे राहते. उपसा थांबला की शेवाळ धरते आणि मग तहान लागल्यावर धावत जाऊन उपयोग नसतो. भिवंडीची विहीर १९९२ साली कामाला आली, कारण आधीची चार वर्षे कुणीतरी रोज उपसत होते. २००६ साली लोक आणि पोलीस दोघेही तिथे पोचले, तेव्हा दोर कुणाच्याच हातात नव्हता.

म्हणून आजही कुठे दंगलीनंतर ‘परिस्थिती नियंत्रणात, शांतता समितीची बैठक’ अशी बातमी वाचली की माझ्या मनात एकच प्रश्न येतो. मागची बैठक कधी झाली होती?