चिंचपोकळीच्या शाळेचा पट

आज मुंबईतल्या गिरणगावाच्या शाळांबद्दल बोलायचं आहे. चिंचपोकळी म्हणजे मध्य रेल्वेवर भायखळा आणि करी रोड यांच्या मधलं स्टेशन. आपल्यातल्या कितीतरी जणींचे आजे, सासरे, चुलते त्या भागातल्या गिरण्यांत होते. घरची मनीऑर्डर तिथूनच यायची. पण तिथं वाढलेली पोरं कुठं शिकली आणि कितवीपर्यंत शिकली, हे आपण फारसं कधी विचारलं नाही.

सुरुवातीला बरीच पोरं शाळेत नव्हतीच, गिरणीत होती. 1881 च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायला बंदी केली. म्हणजे सात पुरी झालेल्याला घेता येत होतं, आणि बारा वर्षांचा होईपर्यंत रोज नऊ तास राबवता येत होतं! 1891 मध्ये वय नऊ झालं आणि तास सात. 1922 मध्ये कुठं वय बारावर गेलं. आज ज्या वयाची आपली पोर चौथीत पाढे म्हणते, त्या वयाचं पोर भोंग्यासरशी उठून खात्यात जायचं.

याच काळात, 1882 मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गावर जातो, हे त्यांचं म्हणणं. निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी त्यांची मागणी होती. गोखल्यांनी 1911 मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेही फेटाळलं गेलं. मुंबई शहरासाठी कायदा झाला 1920 मध्ये, आणि 1925 मध्ये महापालिकेने एफ आणि जी या दोन वॉर्डांत सक्ती लागू केली. परळ, वरळी हा कामगारवस्तीचा पट्टा याच वॉर्डांतला. फुल्यांच्या निवेदनानंतर मध्ये 43 वर्षं गेली. एवढ्यात दोन पिढ्या अंगठा उठवत म्हाताऱ्या झाल्या.

मोठ्यांसाठी ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगने, ही संस्था 1911 ची, रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. चिंचपोकळीजवळचा डिलाईल रोड आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पाळी सुटल्यावर अंगाला कापसाची पूस घेऊन वर्गात बसणाऱ्या माणसाला अक्षर शिकवायचं, हे सोपं काम नव्हतं.

आता शाळेत बसायचं कोण, ते बघू. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडची माणसं गिरणीत सर्वांत जास्त. त्यांच्याबरोबर तेलंगणातले पद्मशाली विणकर, उत्तरेकडचे मुसलमान विणकर. म्हणून महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, गुजराती, तेलुगू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या निघाल्या. आज ही माध्यमं आठ आहेत. पण सगळ्या बापांचा पगार सारखा नव्हता. विणकाम खात्यात पगार बरा, पण दलित कामगारांना तिथं घेत नसत. कांडीचा धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे आणि विटाळ मानला जाई. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 च्या संपाच्या काळात हा प्रश्न पुढे आणला. बापाला कोणतं खातं मिळालं, यावर पोराची पाटी किती वर्षं टिकणार हे ठरायचं. शाळेच्या निकालपत्रावर ही गोष्ट कधी छापत नाहीत.

त्या काळी सातवीला फार मान होता. व्हर्नाक्युलर फायनल म्हणत तिला. ती पास झालेला माणूस गावात मास्तर होऊ शकायचा. पण सातवीपर्यंत पोचायचं म्हणजे घरात आणखी काही वर्षं खाणारं तोंड ठेवायचं. मुलगा असेल तर बदली कामगार म्हणून चिकटवायची घाई, आणि मुलगी असेल तर धाकटी भावंडं तिच्या काखेत. चाळीतली दहा बाय दहाची खोली, त्यात पाळीने झोपणारी माणसं. अभ्यास गॅलरीत नाहीतर जिन्याखाली.

मग 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मिटलाच नाही. कुटुंबंच्या कुटुंबं गावी परतली, पोरांचे दाखले निघाले, काहींचे तर निघालेही नाहीत. खानावळ चालवणाऱ्या बायकांची उधारी बुडाली. याच बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं होतं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं होतं. बचत गट हा शब्द आपल्याकडे रुळण्याआधीची ही गोष्ट आहे, म्हणून मुद्दाम सांगितली.

आज गिरण्यांच्या जागी उंच इमारती आहेत. त्यातली मुलं महापालिकेच्या शाळेत येत नाहीत. चाळीत राहिलेल्यांनीही ऐपत होताच मुलं खाजगी इंग्रजी शाळेत घातली. मराठी माध्यमाचे वर्ग ओस पडत गेले. महापालिकेच्या शाळेत आज मोठ्या प्रमाणात येतात ती धुणीभांडी करणाऱ्यांची, हमालांची, परप्रांतातून आलेल्या मजुरांची मुलं. त्यांना वह्या, दप्तर, बूट अशा 27 वस्तू मोफत मिळतात. घरी अभ्यास घेणारं माणूस मात्र मिळत नाही. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कुणी सहावी-सातवीत बसलंय, त्यांचे मार्क खाजगी शाळेतल्या मुलांच्या शेजारी ठेवून ‘पालिकेची शाळा वाईट’ म्हणणं मला पटत नाही. शिक्षकांची कसूर असेल तिथं बोललंच पाहिजे, पण बापाचा पगार आणि आईची फुरसत वजा करून मग बोला.

हे आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेलाही लागू आहे. सरपंचाची, गुरुजींची मुलं तालुक्याच्या शाळेत गेली, पट घटला, आणि मग पट कमी म्हणून शाळेवरच संकट. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्यात शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या बायका असाव्यात, असं लिहिलंय. पुढच्या बैठकीत सहीपुरत्या जाऊ नका. हजेरीपट मागा, आणि पाचवीत बसलेल्या मुलींपैकी आठवीत किती पोचल्या, ते एकेक नाव घेऊन मोजा. गळालेलं नाव बहुधा ऊसतोडीला गेलेल्या घरचं किंवा धाकट्याला सांभाळणाऱ्या थोरलीचं निघेल.